पंचनामा वाचून दाखवला

प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याच्या सेवेत एक तरी घटना अशी घडते, की ती मरेपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. माझ्या निरोप समारंभात तीन वक्त्यांनी हे वाक्य म्हटले आणि माझ्या बाबतीत ती घटना म्हणजे महामार्गावरचा दरोडा, असे तिघांनीही परस्पर जाहीर केले. त्या दरोड्यातले मला आज फारसे आठवत नाही. मला आठवते ती शिळफाट्यावर शिवणकाम करणारी एक बाई आणि अकरा पानांची एक छापील यादी. गुन्हा साध्या फसवणुकीचा होता. रक्कम अठरा हजार. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या आणि त्यात माझे आडनाव चुकले.

अशा लेखनात खरी नावे द्यायची नसतात. पण हे प्रकरणच एका नावाचे आहे, म्हणून त्या बाईची परवानगी विचारली. ती म्हणाली, "लिवा. पण आडनाव नको. सासरचं नको नि म्हायेरचं बी नको." ती अट पाळतो आहे.

निवृत्तीला वर्षभर राहिले होते. खालापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी शिळफाट्यावरचा झेरॉक्सवाला ठाण्यात आला. खबऱ्या म्हटले की लोकांना काळा चष्मा घातलेला माणूस दिसतो. माझ्या नोकरीतल्या निम्म्या उपयोगी खबरी झेरॉक्सवाल्यांनी दिलेल्या आहेत. गावातला प्रत्येक कागद कधी ना कधी त्यांच्या काचेवर पालथा पडतो.

त्याचे म्हणणे असे, की एक माणूस पंधरा दिवसांत सात वेगवेगळ्या लोकांची आधार कार्डे घेऊन आला. सातही जणांसाठी पत्र एकच, फक्त नाव बदललेले. "आणि साहेब, मला म्हणतो कलर काढा, शिक्का जरा गडद येऊ द्या." बिघडलेली एक प्रत त्याने जपून ठेवली होती. पत्राच्या माथ्यावर सिंह, तराजू आणि गव्हाची लोंबी असे तिन्ही होते. तिन्ही एकत्र वापरणारे खाते माझ्या माहितीत नव्हते. खाली लिहिले होते, की आपल्या दिवंगत पतीच्या नावे बँकेत दोन लाख साठ हजार रुपये बेवारस पडून आहेत आणि प्रक्रिया शुल्क भरल्यास ते तीस दिवसांत मिळतील. पत्र ज्या बाईच्या नावाने होते ती झेरॉक्सच्या दुकानापासून दोन दुकाने सोडून, एका बंद गाळ्याच्या ओट्यावर मशीन टाकून बसते, हेही त्यानेच सांगितले.

मी साध्या कपड्यांत गेलो. सोबत आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदार होत्या. बाई पन्नाशी ओलांडलेली. कागदोपत्री नाव वैशाली. नवरा टेंपो चालवायचा, चार वर्षांपूर्वी गेला. ज्या गाळ्याच्या ओट्यावर ती बसत होती तोच गाळा भाड्याने मिळणार होता. मालकाने चाळीस हजार अनामत मागितली होती आणि मुदत दिली होती दसऱ्याची. दसरा चुकला तर गाळा मोबाइलवाल्याला जाणार होता आणि गाळ्याबरोबर ओटाही. म्हणजे तिचे दुकान तर होणार नव्हतेच, बसायची जागाही जाणार होती.

तिच्याकडे बावीस हजार साठले होते. अठरा कमी पडत होते. नेमके त्याच आठवड्यात तो पत्रवाला आला आणि ती त्याला अठरा हजार देऊन बसली. कमी पडणारी रक्कम आणि दिलेली रक्कम एकच, हा योगायोग नव्हता. किती कमी पडतात ते तिनेच त्याला सांगितले होते, आणि तेवढीच त्याची फी निघाली.

तक्रार द्यायला ती तयार नव्हती. मी पोलीस आहे म्हटल्यावर ती माझ्यावरच चिडली. "तुमी नका मधी पडू, सायेब. दसऱ्याच्या आत पैसं येनार हायत. त्यानं सांगितलंय, पोलीस-बिलीस आलं की फाइल अडकते."

त्याचे हे एक विधान खरे होते. 

हवालदार बाईंनी सूत्रे हातात घेतली. त्या ओट्याच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "ताई, एक सांग. सरकारकडून घ्यायचे असतील तर आपण किती खेपा घालतो? द्यायला म्हणून कोण तुझ्या ओट्यापर्यंत चालत आलंय का गं कधी?"

बाईने मशीनची शिवण पूर्ण केली. दोरा दाताने तोडला. "नाय," म्हणाली, आणि मशीनवर झाकण घालून आमच्याबरोबर ठाण्यात आली.

फसवला गेलेला माणूस पोलिसांकडे लवकर येत नाही. चोरी झाली तर तो ओरडतो, कारण त्यात त्याची चूक नसते. फसवणुकीत त्याने स्वतःच्या हाताने पैसे मोजून दिलेले असतात. चोराची लाज वाटत नाही, स्वतःची वाटते. त्यातून आशा अजून जिवंत असेल, तर तो फसवणाऱ्याच्या बाजूने आपल्याशीच भांडतो.

दोन दिवसांनी पत्रवाल्याचा तिला फोन आला. 'अंतिम मंजुरी'साठी आणखी सात हजार लागणार होते. भेट ठरली कुंभिवलीला, महामार्गालगतच्या एका हॉटेलात, सकाळी अकराला. नोटांचे क्रमांक टिपून पाकीट तिच्या हाती दिले. तो स्कूटरवरून आला, भर उन्हात टाय लावून. पाकीट घेतले तेव्हा आम्ही दोन टेबलांवरून उठलो. पळायचा त्याने विचारही केला नाही. त्याच्यासमोर नुकतीच मिसळ आली होती, ती संपवू का, असे त्याने विचारले. मी संपवू दिली. उपाशी माणूस चिडून खोटे बोलतो आणि जेवलेला माणूस सुस्तावून खरे बोलतो, असा माझा अनुभव आहे.

ठाण्यात त्याचे कार्ड पाहिले. 'मुख्य विभागीय विशेष दावा समन्वय अधिकारी.' एकतीस वर्षे नोकरी करून माझे पदनाम एवढे लांब झाले नव्हते. मी चौकशीची सुरुवात तिथूनच केली.

"याचा अर्थ काय रे?"

"मला बी नाय माहीत, साहेब. प्रिंटरनं टाकलं. त्यो म्हनला, कार्डावर चार वळी तरी पायजेत, नायतर लोक फाडून टाकतात."

त्यानंतर फारसे विचारावे लागले नाही. तो कर्जतकडचा, वय पस्तीसच्या आसपास. एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट होता, म्हणजे रोज दुकानादुकानांतून दहा-वीस रुपये गोळा करून लोकांच्या खात्यात भरणारा. संस्था बुडाली. संचालक दिसेनासे झाले आणि रोज दिसणारा हाच असल्यामुळे शिव्या याने खाल्ल्या. मग त्याला कुठेतरी कळले, की दहा वर्षे ज्या ठेवींकडे कोणी फिरकलेले नाही त्यांच्या मालकांची नावे बँका जाहीर करतात. त्याने एका बँकेच्या आपल्या भागातल्या शाखांमधल्या अशा नावांची यादी मिळवली आणि दोन माणसांना त्यांचे पैसे खरोखरच काढून दिले.

"एका म्हाताऱ्याचं काम व्हायला चार महिने लागले. चौदा खेपा बँकेत. त्यानं हजार दिले, ते पन तोंड वाकडं करून. पेट्रोल नऊशेचं झालतं."

"मग?"

"मग ध्यानात आलं, साहेब. पैसं मिळाल्यावर हजार देताना मानूस कुरकुरतो. पैसं मिळनार म्हटलं की अठरा हजार हसत देतो. मग कशाला खेपा घालायच्या?"

मानवी स्वभावावर मी बरीच पुस्तके वाचली आहेत. एवढे थोडक्यात कोणी सांगितलेले नाही.

बाईच्या नवऱ्याबद्दल विचारले. यादीत तसे नाव होते. आडनाव जुळत होते, मधल्या नावाचे पहिले अक्षर जुळत होते. फक्त पत्ता पनवेलचा होता. "तो मी पत्रात घातला नाय," तो म्हणाला. रक्कम त्याने मनाने लिहिली होती, कारण यादीत रकमा नसतात.

बाई बाहेरच्या बाकावर बसून होती. तिला हे सांगणे माझे काम होते. ती रडली नाही. एवढेच विचारले, "म्हंजी ह्यांचं नवतंच काय तिथं?"

"नाही."

"आन माजं अठरा हजार?"

आरोपीकडे पाकिटातल्या सात हजारांखेरीज साडेसहा हजार मिळाले होते. ते मुद्देमाल म्हणून जमा होणार, आरोपपत्रासोबत न्यायालयात जाणार, तिथे तिने अर्ज करायचा, न्यायालय आदेश देईल तेव्हा ते तिला मिळणार, असे मी समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"दसऱ्याच्या आत?"

मी वर पंख्याकडे पाहिले. पंखा बंद होता.

पोलिसांवर जे आरोप होतात त्यांतले बरेच खरे आहेत. पण गुन्हा उघडकीला आणूनही समोरच्या माणसाच्या हातावर काही ठेवता येत नाही, या गोष्टीचा आरोप आमच्यावर कोणी करत नाही. तो आम्ही स्वतःवर करतो आणि मग चहा मागवतो.

आरोपीच्या बॅगेचा पंचनामा राहिला होता. त्यासाठी दोन पंच लागतात. एक कोपऱ्यावरचा पानटपरीवाला, आमचा नेहमीचा. दुसरे एक निवृत्त शिक्षक, खोपोलीत राहणारे. ते भाडेकरूची नोंद द्यायला म्हणून ठाण्यात आले होते आणि आमच्या तावडीत सापडले. बॅगेतून निघाले ते असे: एक शिक्का, शाईची डबी, कोरी पत्रे, कार्डे आणि छापील यादी, पाने अकरा. हवालदारांनी लिहून काढले आणि कागद सह्यांसाठी पुढे केला.

प्रत्येक पंचनाम्याच्या शेवटी एक वाक्य असते: 'सदर पंचनामा पंचांना वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' हे वाक्य मी हजारो वेळा लिहिले आहे. ते खरे असते असे मला कधी वाटले नाही आणि ते खोटे आहे असेही कधी जाणवले नाही. ते फक्त असते. पानटपरीवाला सही करून निघालासुद्धा होता.

गुरुजींनी पेनचे टोपण काढले, शेवटचे वाक्य वाचले आणि टोपण परत लावले.

"वाचून दाखवला, असं लिहिलंय. कोणी वाचला?"

मी म्हटले, "गुरुजी, तुमच्या डोळ्यांसमोरच लिहिला की."

"समोर लिहिणं वेगळं, वाचून दाखवणं वेगळं. आणि 'यादी, पाने अकरा' म्हणजे काय? उद्या न्यायाधीशांनी विचारलं, यादीत काय होतं, तर पंच काय सांगणार? पानं होती?"

त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा यादी वाचून संपवणे सोपे होते. शिवाय यादीत आरोपीने कुठल्या नावांवर खुणा केल्यात तेही पाहायचे होतेच. मी यादी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. चौतीस वर्षे वर्गात हजेरी घेतलेला माणूस नावांची यादी दुसऱ्या कुठल्या चालीत वाचूच शकत नाही. नाव, किंचित थांबा, वर एक नजर, पुढचे नाव. पानटपरीवाला दारात थांबून हसू लागला. चार पाने झाली. पाचव्यावर, कुठलीही खूण नसलेल्या एका ओळीवर ते आले.

"कमल धाकू..." आणि पुढे आडनाव.

"हजर," बाहेरच्या बाकावरून आवाज आला.

गुरुजींनी सवयीने मान हलवली आणि पुढचे नाव वाचले. मग तेच थांबले. आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. बाई उठून उभी राहिली होती, शाळेत राहतात तशी, आणि तोंडाला पदर लावून लाजत होती.

"चुकून निंगालं, सायेब," ती म्हणाली. "लय वर्सांत कोनी हाक नाय मारली ना त्या नावानं."

तिला आत बोलावून बसवले. माहेर कर्जत तालुक्यातले. यादीत नावापुढे गाव तेच होते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव काढले ते वैशाली, कारण सासूला कमल हे नाव जुनाट वाटले. वडील धाकू खोपोलीतल्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा जे पैसे मिळाले त्यांतले पाच हजार घेऊन ते पंधरा वर्षांच्या मुलीला बँकेत घेऊन गेले. स्वतःला लिहिता येत नव्हते, म्हणून सही तिच्याकडून करून घेतली. येताना भजी खाऊ घातली. लग्नानंतर वर्षभरात ते गेले.

"त्या पैशांचं पुढं काय झालं, विचारलं नाहीस कधी?" हवालदार बाईंनी विचारले.

"लग्नात खरचलं आसतील म्हनून समजले. आन आबांनी सांगितलं हुतं, ह्ये सासरी बोलायचं नाय. मी नाय बोलले."

सदतीस वर्षे ही बाई आपल्याच पैशांबद्दल गप्प होती. एवढे गुपित राखणारा साक्षीदार मला आयुष्यात भेटला नाही, आणि भेटला असता तर मी वैतागलो असतो.

आरोपीलाही हे कळले. त्याने त्या यादीवरून तिच्या नवऱ्याचे खोटे नाव शोधले होते आणि तिचे स्वतःचे खरे नाव त्याच कागदावर चार पाने पुढे होते.  तो म्हणाला, "म्हायेरचं नाव इचारायचं माझ्या डोक्यातच नाय आलं, साहेब." त्याच्याच काय, कोणाच्याच आले नव्हते. फरारी आरोपी फार तर एखादे नाव बदलतो आणि आम्ही लगेच त्याच्यापुढे 'उर्फ' लिहून ठेवतो. लग्न झालेल्या बाईचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव, तिन्ही एका दुपारी बदलतात आणि त्याची नोंद फक्त तांदळात होते. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवतात.

पुढची खटपट बँकेतली. शाखाधिकारी तरुण आणि सभ्य होते. त्यांनी सांगितले, की खाते आहे आणि दहा वर्षे हालचाल नसल्यामुळे रक्कम मध्यवर्ती निधीत गेली आहे, पण मालकी खातेदाराचीच राहते. मागितली तर बँकच देते आणि त्यासाठी एक रुपयाही फी नसते. फक्त कमल आणि वैशाली एकच आहेत हे सिद्ध करा. मी ऐटीत प्रथम खबरी अहवालाची प्रत पुढे केली. त्यात मी स्वतः पुरवणी जबाब जोडून 'वैशाली उर्फ कमल' असे लिहिले होते. त्यांनी ती नम्रपणे परत दिली. आमच्याकडे उर्फ लागले की माणूस पक्का होतो, बँकेत उर्फ लागले की संशयास्पद होतो.

मग शाळा सोडल्याचा दाखला काढला, मामाच्या ट्रंकेतून लग्नपत्रिका आणली, प्रतिज्ञापत्र केले. शेवटी नमुना सहीचे जुने कार्ड आले. त्यावर धाकूचा अंगठा होता आणि शेजारी मुलीची सही. शाखाधिकाऱ्यांनी कोरा कागद दिला. बाईने सवयीने 'वैशाली' अशी सही केली, जीभ चावली, दुसरा कागद मागितला आणि सावकाश 'कमल' लिहिले. शाखाधिकाऱ्यांनी दोन्ही 'क' शेजारी ठेवून पाहिले. अर्ज घेतला.

पण या सगळ्याला दीड महिना लागणार होता आणि दसरा दहा दिवसांवर होता. सेवेत असताना केलेल्या काही गोष्टी नियमपुस्तिकेत बसत नाहीत. त्यांतली एक इथे कबूल करतो. मी गणवेशात गाळामालकाकडे चहा प्यायला गेलो. अर्धा तास बसलो. हवापाण्याबद्दल बोललो. गाळ्याचा विषय मी काढला नाही. उठताना त्यानेच सांगितले, की शिवणवाल्या ताईंसाठी तो दिवाळीनंतरही थांबायला तयार आहे. चहा बरा होता.

पैसे आले. दोन लाख साठ हजार नव्हते. व्याजासह एकेचाळीस हजार आणि वर काही रुपये होते. आरोपीला जामीन मिळाला. ज्या दोघांना त्याने खरोखर पैसे काढून दिले होते ते त्याच्यासाठी न्यायालयात आले होते. त्यांतला म्हातारा माझ्याशी भांडला, की एवढा कामाचा माणूस तुम्ही का पकडला. बाईच्या अठरा हजारांचा खटला अजून चालू आहे.

या प्रकरणाने मला शिकवले ते पोलीस प्रशिक्षणात नव्हते. माणूस शोधताना आपण त्याला आज ज्या नावाने ओळखतो त्याच नावाने शोधतो. आता बँकांच्या अशा ठेवी शोधायला सरकारी संकेतस्थळ आहे, फुकट आहे. माझ्याकडे कोणी विचारायला आले तर मी एवढेच सांगतो: आईचे माहेरचे नाव टाकून बघा, आजीचे लग्नाआधीचे टाका, बदललेले आडनाव आधी काय होते ते टाका, वडिलांना गावात कोणत्या नावाने हाक मारत तेही टाका. आणि जो फी मागेल त्याला आमच्या ठाण्याचा पत्ता द्या. बेवारस म्हणतात त्या बऱ्याच पैशांना वारस असतो. त्याला त्याच्या नावाने हाक मारणारे कोणी उरलेले नसते, एवढेच.

निवृत्तीनंतर एकदा शिळफाट्याला उतरलो तेव्हा गाळा पाहिला. आत दोन मशीन होती आणि वर ताजी रंगवलेली पाटी: 'कमल लेडीज टेलर'. मी रस्त्यात उभा राहून ती पाटी बराच वेळ पाहिली. लिहिता न येणाऱ्या बापाने मुलीच्या सहीवर ठेवलेला विश्वास, तांदळात हरवलेले नाव, असे बरेच काही मनात आले. आत जाऊन मी तिला म्हटले, की वडिलांनी ठेवलेले नाव पाटीवर घेतलेस हे फार चांगले केलेस.

तिने ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या.

"पेंटर अक्षराचं पैसं घेतो, सायेब. काना, मात्रा, वेलांटीचं येगळं. वैशालीला चार लागत हुत्या. कमलला कायच नाय."